आयडाहोच्या वेर्लाबाई

“आई, त्या आयडाहोच्या वेर्लाबाई आहेत ना, त्यांना आपण एकदाही घरी जेवायला का नाही बोलावलं?”

प्रश्न एवढाच. ऐकायला अगदी बाळबोध. पण तो सोमवारच्या लाइव्हमध्ये, सगळ्या जगासमोर, कॅमेऱ्याकडे न बघता थेट आईकडे बघून विचारायचा, अशी माझ्या मैत्रिणींची पैज होती. नाही विचारला तर वादविवाद संघाच्या बसमध्ये उभं राहून शाळेचं गाणं म्हणायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागच्या वर्षीची मी असते तर मुकाट्यानं गाणं म्हटलं असतं. पण मागच्या वर्षी माझ्या दातांवर तारा होत्या आणि माझा आवाज गॅरेजच्या दारासारखा आहे असं मला वाटायचं. या वर्षी तारा निघाल्या, मी वादविवादाच्या संघात शिरले आणि कळलं की गॅरेजच्या दारासारखा आवाज तिथे फार कामाला येतो. तेव्हापासून मला कशाची म्हणजे कशाची भीती वाटत नव्हती.

आमच्या चर्चमधली सगळी घरं सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवतात. प्रार्थना, एखादा छोटा धडा, खेळ, मग काहीतरी गोड. आमच्याकडे या सगळ्याच्या आधी चित्रीकरणाचा गोल दिवा लागतो आणि बाबा कॅमेऱ्याच्या मागून अंगठा वर करतात. मग प्रार्थना. मी रांगत होते तेव्हापासून ‘टॉलमनांचं घर’ हे आमचं चॅनल आहे. माझा पहिला दात, माझी पहिली उलटी, हॅमस्टर मेला तेव्हाचं माझं रडणं, सगळं त्यावर आहे. हॅमस्टरसाठी मी दोनदा रडले, कारण पहिल्यांदा उजेड बरोबर नव्हता.

आणि या सगळ्याखाली, दर वेळी, सगळ्यात आधी वेर्लाबाईंची कॉमेंट. लिलाकच्या झुडपाशेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या आजीचा फोटो. आईला त्या ‘लेकी’ म्हणायच्या आणि शेवटी न चुकता सही करायच्या: तुमची वेर्ला. कुणी आईला वेडंवाकडं बोललं की वेर्लाबाई पदर खोचून पुढे. आमच्या घरात त्यांचं नाव आत्या-मावशीसारखं घेतलं जायचं.

संशय आधी माझ्या मैत्रिणीला, डॅनिकाला आला. वेर्लाबाईंनी एका व्हिडिओखाली लिहिलं होतं की दिवाणखान्यातला नवा गालिचा पिवळ्या पडद्यांना शोभतो. त्या व्हिडिओत गालिचा नव्हताच. तो कुठल्याच व्हिडिओत नव्हता, आदल्या दिवशीच आला होता आणि गुंडाळून जिन्याखाली पडला होता. डॅनिका तोंडावर हात दाबून इतकी हसली की सोडा तिच्या नाकातून आला. माझी दुसरी मैत्रीण, मेले, हसली नाही. मेले फोनुआ माझी बालवाडीपासूनची मैत्रीण आहे. ती एवढंच म्हणाली, “विचार तू. तूच विचार.”

तर मी विचारलं.

आई गोड हसली. वेर्लाबाई फार लांब राहतात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांच्यासारखी माणसं मनानं तर आपल्या टेबलावरच बसलेली असतात, असं काहीतरी म्हणाली. छान उत्तर होतं. बाबांनी धडा वाचायला घेतला, विषय होता कृतज्ञता. पण कॉमेंट थांबेनात. बोलवाच त्यांना. आम्हाला वेर्लाआजी बघायच्यात. वेर्ला, तुम्ही आहात का इथे? कॉमेंट आम्हाला दिसाव्यात म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला मोठा पडदा ठेवलेला असतो, त्यावर सगळं भराभर वर सरकत होतं. आईचा फोन तिच्या मांडीवर, टेबलाखाली होता. ती बाबांकडे बघून मान डोलवत होती आणि तिचे अंगठे चालले होते. तिला न बघता टाइप करता येतं. माझ्या आईच्या अंगात अशा खूप कला आहेत.

मग पडद्यावर आलं: “अगं पोरी, मी इथेच आहे की. पण या गुडघ्यांना आयडाहोहून एवढा प्रवास कुठला झेपायला. तुझ्या आईसारखी आई मिळायला भाग्य लागतं, तिला त्रास देऊ नकोस. तुमची वेर्ला.”

शेजारी लिलाकचं झुडूप नव्हतं. आमचा गोल फोटो होता, पांढरे कपडे घालून गव्हाच्या शेतात उभे असलेले आम्ही चौघं, आणि नाव होतं ‘टॉलमनांचं घर’.

आई अकाउंट बदलायला विसरली होती.

मी वाचलं. मग बाबांचा आवाज मध्येच अडकला, म्हणजे त्यांनीही वाचलं. शेवटी आईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त ती त्यातून निघून गेली. माझी सहा वर्षांची बहीण पर्ल नुकतीच वाचायला शिकली आहे, तिला जिथे तिथे वाचून दाखवायची हौस. तिनं बोट लावून मोठ्यानं वाचलं आणि विचारलं की वेर्लाबाई आपल्या घरातच राहतात का.

बाबांनी लाइव्ह बंद केलं. त्या सोमवारी गोड कुणी खाल्लं नाही.

सकाळपर्यंत त्या कॉमेंटचा फोटो सगळीकडे झाला होता. माझ्या लॉकरवर कुणीतरी लिलाकच्या फुलाचं चित्र चिकटवलं होतं. गणिताच्या वर्गात मागून एक जण म्हातारीच्या आवाजात “लेकी, पेन्सिल दे गं” म्हणाला आणि वर्ग हसत सुटला. खरं सांगते, मीही हसले. जुनी मी बाथरूममध्ये जाऊन बसले असते. नवीन मी मागे वळून म्हणाले की माझे गुडघे दुखतात, तूच ये घ्यायला. डॅनिकानं टाळी दिली. मला वाटत होतं, होईल दोन दिवस चेष्टा, आईची जिरेल थोडी, आणि मग लोक दुसऱ्या कुणाच्या मागे लागतील. मेले मात्र जेवणाच्या सुट्टीत तुझी आई काय म्हणाली, एवढंच विचारत राहिली. मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, “कुणाचं नाव घेतलं का तिनं?” कुणाचं नाव घेणार, म्हटलं. तिनं विषय सोडला.

शाळेतून घरी आले तर आई-बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये एक माणूस होता. ॲरिझोनाचे ग्रेडी. लोकांची इंटरनेटवरची नावं धुऊन द्यायची, हा त्यांचा धंदा. दात इतके पांढरे की फोनचा उजेड कमी करावासा वाटला. ते मला बघून म्हणाले, “ही आली आपली नायिका.”

बाबांनी मला खुर्ची ओढून दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाबा कधी खुर्ची ओढून देत नाहीत.

ग्रेडींचं म्हणणं ऐकायला फार सरळ होतं. लोक खोट्यावर चिडत नाहीत, मोठ्या माणसाच्या खोट्यावर चिडतात. पोरांना माफ करायला त्यांना आवडतं, त्यात त्यांनाच बरं वाटतं. म्हणून वेर्ला मी होते. आईला लोक टाकून बोलतात ते मला बघवेना, म्हणून मी गुपचूप एक आजी तयार केली. सोमवारी मस्करी म्हणून मीच प्रश्न विचारला आणि आईच्या फोनवरून मीच उत्तर दिलं, तिथे चुकले. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. व्हिडिओ छोटा. मेकअप नको. राखाडी हूडी. सोफ्यावर नाही, जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचं, सोफा महाग दिसतो. शेवटी आई फ्रेममध्ये येईल आणि मला जवळ घेईल.

“सोमवारी माझे हात टेबलावर होते,” मी म्हटलं. “सगळ्यांना दिसत होते.”

ग्रेडी म्हणाले की मी कडेला बसले होते, कोपरापासून पुढचं फ्रेममध्ये नव्हतं, त्यांनी तपासलंय. त्यांनी खरंच तपासलं होतं.

मग बाबा बोलायला लागले. पॅनकेकच्या पिठाची कंपनी, जिच्या पिशव्यांवर आम्हा चौघांचा फोटो आहे, ती उद्या ठरवणार आहे. ती गेली की बाकीचेही जातील. गॅरेजची दारं विकायची नोकरी बाबांनी कधीच सोडली होती, आता घर चालतं ते या दिव्यावर. ते मला घाबरवायला सांगत नव्हते. त्यांचा आवाज हवामान सांगणाऱ्या माणसासारखा होता, आणि म्हणूनच मी घाबरले.

मी विचारलं, माझं काय. म्हणजे उद्या कॉलेजसाठी अर्ज केला, नोकरीसाठी गेले, कुणी माझं नाव शोधलं, तर काय येणार? सराया टॉलमन, खोटी आजी करणारी मुलगी. तेच कायमचं.

ग्रेडी हसले. म्हणाले, उलट. आईसाठी जीव टाकणारी मुलगी. कॉलेजांना असल्या गोष्टी भारी आवडतात. निबंध आयताच तयार.

आईनं माझा हात धरला. कॅमेऱ्यासाठी नाही, कॅमेरा नव्हताच. ती म्हणाली, “सराया, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.”

हे ती मनापासून म्हणाली.

मी म्हटलं मला विचार करू द्या, जेवणाच्या आधी सांगते. ग्रेडी म्हणाले जरूर, पण उजेड जायच्या आत सांग, पायऱ्यांवर पश्चिमेचा उजेड येतो तो छान पडेल. आणि वर जाऊन वेर्लाच्या कॉमेंट एकदा नजरेखालून घाल, म्हणजे कुणी पुढे काही विचारलं तर तुला तुझंच लिहिलेलं माहीत असेल. बऱ्याच जुन्या आम्ही काढून टाकतोच आहोत.

मी वर गेले, दार लावलं आणि पलंगावर पडून वेर्लाबाईंना वाचायला लागले.

आधी मजा वाटली. लोणच्याच्या पाककृतीवरून वेर्लाबाई टेक्ससमधल्या एका बाईशी नुसत्या भांडल्या होत्या. बायबलमधली वाक्यं, नातवंडांच्या तक्रारी, अंगणातल्या खारीवरचा राग. माझी आई एवढी विनोदी आहे हे मला माहीतच नव्हतं. मग एक सापडली, पर्ल तान्ही होती तेव्हाची. व्हिडिओत आई नाश्ता करताना गाणं म्हणते आहे आणि सगळे लिहितायत की तू किती उत्साही, तुला जमतं तरी कसं. त्याखाली वेर्ला: “लेकी, आज तुझे डोळे सुजलेले दिसले. कुणी तुला विचारत नाही म्हणून मी विचारते. झोपलीस का?”

आणि त्याखाली आमच्या चॅनलवरून, म्हणजे आईनंच, उत्तर दिलं होतं: “नाही हो वेर्लाआजी. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.”

तेव्हा आम्ही घरात तिघं होतो, पर्ल धरून चौघं. बाबा कॅमेरा धरून समोर उभे. मीही तिथेच, फ्रेमच्या कोपऱ्यात, तोंडात कॉर्नफ्लेक्स. कुणीच विचारलं नव्हतं.

मी उठले. शपथ, मी हो म्हणायलाच उठले होते. हूडीसुद्धा काढली कपाटातून. माझं काय जाणार होतं? चार दिवस चिडवतील. मला आता चिडवलेलं चालतं. मी इतकी मोठी झाले आहे की आईला एकदा पाठीवर घेऊ शकते, असं वाटलं, आणि ते वाटणं खूप छान होतं.

हूडी घालता घालता एका हातानं मी फोनवर पुढे सरकवत होते, आणि बाथरूमच्या दाराचा व्हिडिओ आला.

मी बारा वर्षांची होते. सातवीचा पहिला दिवस, तोंडात नव्या कोऱ्या तारा, आणि मी बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं होतं. व्हिडिओत मी दिसत नाही. दार दिसतं, दाराबाहेर जमिनीवर बसलेली आई दिसते, ती अर्धी दाराशी बोलते आणि अर्धी कॅमेऱ्याशी. माझा आवाज येतो. तो व्हिडिओ मी कधी पूर्ण पाहिला नव्हता. तेव्हाही नाही पाहिला. सरळ कॉमेंटपाशी सरकले.

खाली मेलेच्या आईची कॉमेंट होती. सिस्टर फोनुआ, आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. आमच्याच वॉर्डातल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या मंडळीतल्या, चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसतात. त्यांनी आईला नावानं हाक मारून लिहिलं होतं: “हायडी, प्रेमानं सांगते. फोन खाली ठेव आणि ती दार उघडेपर्यंत नुसती बसून राहा तिच्याजवळ. पोरीला कॅमेऱ्याशिवाय रडू दे.”

एवढंच. पाठीवरून हात फिरवावा तसं.

आणि त्याखाली वेर्ला: “दुसऱ्यांच्या घरात डोकावायला काही बायकांना बरा वेळ मिळतो, स्वतःच्या घरात पोरांची लेंढारं मोकाट फिरत असताना. हारांच्या धंद्यात तरी स्वच्छता ठेवता का बाई? ऐकलंय ते फार काही बरं नाही. तुमची वेर्ला.”

त्याखाली लोकांचा पूर. कोण ही बाई, कुठली, हार कसले विकते. कुणीतरी त्यांच्या दुकानाचं पान शोधून तिथे टाकलं होतं.

मला ते पान आठवत होतं. पदवीदानाच्या दिवसांत आमच्या गावातली निम्मी पोरं सिस्टर फोनुआंनी केलेले चॉकलेटचे आणि फुलांचे हार गळ्यात घालून फोटो काढायची. मग एका वर्षी ते बंद झालं. मेले म्हणाली होती आईला आता वेळ नसतो. मी विचारलं नव्हतं.

मी मेलेला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, बाथरूमचा व्हिडिओ. तुला कधीपासून माहीत होतं?

ती म्हणाली, नक्की माहीत नव्हतं. पण हारांचं कुणाला माहीत असणार? आयडाहोच्या म्हातारीला? तिच्या आईच्या कॉमेंटवर फक्त तिचं नाव होतं, हारांचा एक शब्द नव्हता. इतकी वर्षं तिच्या मनात होतं. तिच्या आईला कधी सांगितलं नाही, कारण तिच्या आईला वेर्ला म्हणजे कुठली तरी परकी दुष्ट बाई वाटते, आणि परक्यांनी दुखवलेलं कमी लागतं. माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं घेऊन सिस्टर फोनुआच आल्या होत्या. आईनं त्या भांड्याचा फोटो चॅनलवर टाकला होता. त्याखाली वेर्लाबाईंनी लिहिलं होतं, असे शेजारी मिळायला पुण्याई लागते.

मग मी तिला ग्रेडींचं सांगितलं. पायऱ्या, हूडी, सगळं.

“म्हणजे तू म्हणणार की ते तू लिहिलंस,” ती म्हणाली.

मी म्हटलं, ते काढून टाकतायत, कुणाला कळणार नाही.

“माझ्याकडे त्याचा फोटो आहे. आईकडेही आहे, तिनं ठेवलंय. सराया, माझी आई तुझ्या बाजूनं बोलली होती. तू त्या दाराच्या आत होतीस आणि ती तुझ्यासाठी बोलली. आता मी तिला काय सांगू, की आत बसलेली पोरगीच तिला शिव्या लिहीत होती?” तिचा आवाज चढला नव्हता. “मी तुला नको म्हण असं नाही सांगत. तुझं घर आहे, तुझी आई आहे. फक्त आधी मला सांग. म्हणजे माझ्या आईला तो व्हिडिओ दिसायच्या आत तिच्या हातातला फोन मी काढून घेईन.”

मी पलंगावर बसून राहिले. खालून बाबांनी हाक मारली, उजेड जातोय.

मी जिना उतरले तर खालच्या पायऱ्यांवरच्या फोटोंच्या चौकटी काढून ठेवल्या होत्या आणि भिंत मोकळी केली होती. गोल दिवा दाराआड दडवला होता, उजेड आपोआप पडल्यासारखा वाटावा म्हणून. आई मेकअप काढून, केस मोकळे सोडून उभी होती. तशी ती मला फार आवडते. फोन आता कठड्याला टेकवला होता आणि त्यात ग्रेडींचे दात. मला हूडीत बघून सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

पर्लला बाबांनी शेजारी पाठवलं होतं. बरं झालं.

मी आईला माझा फोन दिला आणि म्हटलं, हे वाच. मोठ्यानं वाच. तिनं मनात वाचायला सुरुवात केली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तिनं सिस्टर फोनुआंचं वाचलं, मग वेर्लाचं, आणि “लेंढारं” वर थांबली.

“हे मी कधी...” ती म्हणाली. मग तिला आठवलं. तिच्या मानेवर लाल ठिपके उठले. त्या दिवशी सगळे माझ्यावर तुटून पडले होते, ती म्हणाली. कोणी राक्षसीण म्हणत होतं, कोणी पोलिसांना कळवा म्हणत होतं. कोणाला काय उत्तर दिलं, शुद्ध होती का मला.

“सिस्टर फोनुआ नव्हत्या तुटून पडल्या,” मी म्हटलं. “तेवढ्या त्याच प्रेमानं बोलल्या होत्या.”

कठड्यावरून ग्रेडी म्हणाले की काळजी नको, ते काढून टाकायच्या यादीत आहे. मी म्हटलं मेलेकडे आहे. तिच्या आईकडे आहे. ग्रेडींनी विचारलं, मेले कोण. मैत्रीण? मग उत्तमच. तिच्याशी बोलता येईल, मैत्रिणी समजून घेतात. घरी काही अडचण वगैरे आहे का त्यांच्या, आपण काही मदत करू शकतो का?

मी जाऊन फोन बंद केला. ग्रेडी अर्ध्या शब्दावर गेले. बाबा म्हणाले, सराया, त्यांना आपण बोलावलंय. मी म्हटलं, मी नाही बोलावलं.

बाबा खालच्या पायरीवर बसले, जिथे मला बसायचं होतं तिथे. ते म्हणाले मला सगळं कळतंय, पण तू जरा मोठा विचार कर. पर्लचं काय? घराचं काय? तुझ्या एका मिनिटानं हे सगळं वाचणार असेल, तर एका मिनिटापुरतं खोटं बोललं म्हणून आभाळ कोसळत नाही. वादविवादात तूच दोन्ही बाजू मांडतेस ना. मग ही एक बाजू समज.

खरं तर त्यांचं बरोबर होतं. दोन्ही बाजू मला येत होत्या. मी त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडली असती. आणि वर वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, सुजलेले डोळे, कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते.

आई माझ्या फोनकडेच बघत होती. खूप हळू म्हणाली, “तू आत होतीस. मला तुझा आवाज येत होता. आणि मी हे टाइप करत होते.”

दाराआडचा दिवा तसाच जळत होता. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं, मी मला ओळखते. म्हणून मी हूडी काढली, कठड्यावर टाकली आणि गॅरेजच्या दारासारख्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हटलं:

“मी ठरवलंय. वेर्ला मी नव्हते, आणि मी होते असं मी म्हणणार नाही, आज नाही आणि उद्या कंपनी गेली तरी नाही. मी आता मेलेच्या घरी जातेय. सिस्टर फोनुआंना सांगायला, की ते कुणी लिहिलं होतं. आई, तू आलीस तर तू सांग, मी शेजारी बसेन. नाही आलीस तर मी सांगेन. पण फोन घरी ठेवून ये. बाबा, तुम्हीही.”